पाच स्वरांची वहिवाट

महाडहून वरंध घाटाच्या वाटेला लागले म्हणजे सह्याद्रीच्या कुशीत कसबे, कुंभे आणि आंबे अशी शिवथर नावाची गावे आहेत. पूर्वी ज्याला कुलाबा म्हणत आणि १९८१ पासून ज्याला रायगड म्हणतात, त्या जिल्ह्याचा हा अगदी आतला कोपरा. समर्थ रामदासांनी ज्या घळीत बसून दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो उतरून घेतला असे समर्थ संप्रदाय मानतो, ती घळ येथलीच. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० च्या सुमारास ती पुन्हा उजेडात आणली. पावसाळ्यात तिच्या शेजारून धबधबा असा कोसळतो की जवळ बसलेल्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. आणि पाऊस सरला की तितकीच दाट शांतता असते.

अशा या शिवथरास आम्ही दासनवमीच्या सुमारास गेलो असता एक लहानसा वाद आमच्या कानांवर पडला. आजचे हे सारे विवेचन त्या वादातून निघाले आहे, म्हणून तो आधी सांगतो.

मुंबईस नोकरीधंद्याला गेलेल्या एका घरातला अठरा-वीस वर्षांचा मुलगा सुटीत गावी आला होता. ओटीवर बसून तो गिटारवर पाच स्वरांची एकच शिडी पुन्हापुन्हा चढत-उतरत होता. शेजारच्या ओटीवर भजनी मंडळातले एक म्हातारे बुवा पेटी उघडून तिच्या भात्याला कागद चिकटवीत बसले होते. त्यांनी थोडा वेळ ऐकले आणि हाक मारली, "बाळा, मालकंस बरा लागलाय तुझा. मध्यमावर थांबतोस हे तर फारच चांगलं. पण षड्जावर येतच नाहीस, ते का?"

मुलगा हसून म्हणाला, "बुवा, हा मालकंस नाही. हा ए मायनर पेंटॅटॉनिक आहे. मी सारखा सा वरच येतोय."

बुवांनी पेटी जुळवली, पांढरी तीनवर षड्ज धरला आणि पाच पट्ट्या वाजवून दाखविल्या. "बघ. तुझे पाचही सूर यात आहेत की नाहीत?" मुलाने ऐकले, सूर तेच होते. तो गोंधळला. इतक्यात तेथे बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "बुवा, सोडा हो. पोरं भजनाला बसत नाहीत ती या फिरंगी लाकडापायीच." मुलाने काही उत्तर दिले नाही. गिटार पिशवीत घातली आणि तो आत गेला.

वाद एवढाच. पण घाट चढून येईपर्यंत तो आमच्या मनातून जाईना. बुवा आणि मुलगा यांच्यात खरे कोण? हे पाच स्वर कोणाचे, देशी की परके? आणि अशी शिडी घोटीत बसणे हा अभ्यास म्हणावा की नुसता चाळा? या तिन्ही प्रश्नांना आपल्याकडे जुना इतिहास आहे, आणि तो ठाऊक असता तर त्या दिवशी ती गिटार पिशवीत गेली नसती असे आम्हांस वाटते.

प्रथम ते पाच स्वर कोणते ते पाहू. पेटीवर पांढरी एकपासून सात पांढऱ्या पट्ट्या मोजा आणि त्यांतली चौथी व सातवी सोडून द्या. एक, दोन, तीन, पाच आणि सहा या उरलेल्या पाच पट्ट्या म्हणजेच त्या मुलाच्या बोटांखालचे पाच स्वर. तो पांढरी सहाला षड्ज मानीत होता. तेथून निघाले की षड्ज, कोमल गांधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद असे स्वर येतात. पाश्चात्त्य संगीतात याला मायनर पेंटॅटॉनिक म्हणतात; आमच्याकडे ही धानी रागाची स्वरावली आहे. मात्र त्याच पाच पट्ट्या तशाच ठेवून पांढरी तीनला षड्ज मानले की षड्ज, कोमल गांधार, मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद असा मालकंस उभा राहतो. म्हणजे बुवाही खरे आणि मुलगाही खरा. मुलाचा षड्ज तोच बुवांचा मध्यम; आणि मालकंसात मध्यम हाच वादी स्वर असल्यामुळे मुलगा आपल्या षड्जावर जितका अधिक थांबे, तितका बुवांना मालकंस अधिक रंगल्यासारखा वाटे.

गंमत येथेच संपत नाही. पांढरी एक षड्ज धरली तर याच पट्ट्यांतून भूप निघतो, दोन धरली तर मधमाद सारंग आणि पाच धरली तर दुर्गा. पाच पट्ट्या, पाच षड्ज आणि पाच निरनिराळे राग. पट्टी एकही बदलली नाही. बदलली ती बसण्याची जागा.

या युक्तीला आपल्या शास्त्रात फार जुने नाव आहे : मूर्च्छना. एकाच स्वरसमूहातला आरंभीचा स्वर बदलत गेले की नव्या नव्या स्वरपंक्ती तयार होतात, हा विचार भरताच्या नाट्यशास्त्रात आहे. आणि ज्या ग्रंथात तो सर्वांत सविस्तर मांडला गेला, तो ग्रंथ महाराष्ट्राच्या भूमीवर लिहिला गेला आहे. संगीतरत्नाकराचा कर्ता शार्ङ्गदेव हा तेराव्या शतकात देवगिरीस यादव राजा सिंघण याच्या पदरी होता. त्याचे आजोबा काश्मीरातून दक्षिणेत आलेले. तो स्वतः राज्याच्या हिशेबखात्याचा मोठा अधिकारी. आज ज्याला आपण दौलताबाद म्हणतो त्या किल्ल्याच्या सावलीत बसून या हिशेबनिसाने स्वरांचाही हिशेब मांडला.

सात स्वरांचा तो संपूर्ण, सहांचा षाडव आणि पाचांचा औडव ही वर्गवारी आपण आजही वापरतो. औडव शब्दाची त्याने दिलेली फोड मोठी सुंदर आहे. उडू म्हणजे तारे. तारे जेथे संचार करतात ते आकाश. आणि पंचमहाभूतांत आकाश पाचवे, म्हणून पाच स्वरांचे ते औडव. ज्या पाच स्वरांना ते गृहस्थ फिरंगी म्हणाले, त्यांना आमच्या शास्त्रकाराने आकाशाचे नाव दिले आहे.

शार्ङ्गदेव एवढ्यावर थांबला नाही. दिलेले स्वर किती निरनिराळ्या क्रमांनी मांडता येतील हेही त्याने मोजले. दोन स्वरांचे २ क्रम, तिनांचे ६, चारांचे २४, पाचांचे १२०, सहांचे ७२० आणि साती स्वरांचे ५,०४०. हे क्रम एकही न गळता कसे लिहावेत याचीही रीत त्याने सांगितली. त्या रीतीने धानीचे पहिले तीन स्वर घेतले तर क्रम असे येतात : सा ग म, ग सा म, सा म ग, म सा ग, ग म सा, म ग सा. गणिताच्या विद्यार्थ्याला हे सोपे उदाहरण वाटेल. परंतु ज्याने वाद्य हाती धरले आहे त्याला कळेल की हा सरावाचा आराखडा आहे. सरळ चढणे आणि सरळ उतरणे हे १२० क्रमांतले केवळ २ क्रम. शिडी पाठ झाली म्हणणाऱ्याचे अजून ११८ क्रम राहिलेले असतात.

हा आराखडा ग्रंथात पडून राहिला असे मात्र समजू नका. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तरेतून छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे बंधू मुंबईस येऊन भेंडीबाजारात राहिले आणि त्या मोहल्ल्यावरून त्यांच्या घराण्याला नाव पडले. या घराण्यात मेरुखंड नावाचा जो रियाज चाले, तो म्हणजे स्वरांच्या क्रमांची हीच उलथापालथ. छज्जू खाँचे चिरंजीव अमान अली खाँ यांनी ती परंपरा १९५३ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरीपर्यंत, चालविली. इंदूरचे अमीर खाँ यांनी या पद्धतीचा आपल्या विलंबित गायकीत असा उपयोग केला की ऐकणाऱ्याला गणिताचा मागमूसही लागू नये. देवगिरीचा हिशेबनीस आणि मुंबईच्या गजबजलेल्या बाजारातले गवई यांना जोडणारा हा धागा आहे, आणि त्याचे दुसरे टोक शिवथरच्या ओटीवर त्या मुलाच्या बोटांपाशी येते.

आता ही विद्या शिकावयाची कशी आणि कोणाकडून, हा प्रश्न. जुन्या काळी त्याला एकच उत्तर होते : गुरूच्या घरी राहून, गुरूच्या मुखातून. इचलकरंजीचे बाळकृष्णबुवा (१८४९–१९२६) तरुणपणी गाण्याच्या ध्यासाने घर सोडून निघाले, मोठ्या हालअपेष्टा सोसून ग्वाल्हेर परंपरेच्या वासुदेवबुवा जोशी यांच्याजवळ शिकले आणि ती ख्यालगायकी त्यांनी महाराष्ट्रात आणून रुजविली. ज्याला अशी पायपीट शक्य नाही, ज्याच्या कुळाशी गाण्याचा संबंध नाही, त्याला ते दार बहुधा बंदच असे.

बाळकृष्णबुवांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी ते दार सर्वांसाठी उघडले. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. फी, वर्ग, पुस्तके आणि परीक्षा असलेली ती गाण्याची शाळाच होती. पुढे १९०८ मध्ये त्यांनी मुंबईस शाखा काढली. दुसरीकडे विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी वकिली बाजूस ठेवून देशभर प्रवास केला, घराण्यांत कोंडलेल्या चिजा मिळवून स्वरलिपीत उतरविल्या आणि मराठीत हिंदुस्थानी संगीतपद्धतीचे भाग लिहून रागांची दहा थाटांत मांडणी केली. १९१६ साली बडोद्यास झालेल्या संगीत परिषदेमागे आणि १९२६ साली लखनौस निघालेल्या संगीत महाविद्यालयामागे त्यांचीच प्रेरणा होती.

या दोघांवर त्या काळी काय टीका झाली ती ऐकण्यासारखी आहे. कागदावर गाणे उतरत नाही, पुस्तकाने गवई होत नाही, शाळेतून फार तर कानसेन निघतील, तानसेन नव्हे, असे म्हणणारे पुष्कळ होते. आणि खरे सांगावयाचे तर त्यांचे म्हणणे अगदीच फोल नव्हते. कागदावर स्वर उतरतो. स्वरावरचे थांबणे, त्याकडे जाणे, त्यास नुसते शिवून परतणे हे उतरत नाही.

याचा पुरावा आपल्या पाच स्वरांतच आहे. भूप आणि देसकार या दोन्ही रागांत षड्ज, शुद्ध रिषभ, शुद्ध गांधार, पंचम आणि शुद्ध धैवत हेच पाच स्वर. पण भूपात गांधार वादी, देसकारात धैवत. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी, देसकार सकाळी. भातखंड्यांनी तर एकाला कल्याण थाटात बसविले आणि दुसऱ्याला बिलावलात. स्वरलिपीच्या कागदावर दोहोंची शिडी एकसारखी दिसते. कानाला मात्र एक संध्याकाळचा दिवा असतो आणि दुसरा सकाळचे ऊन. १९६१ साली 'भाभी की चूडियाँ' या चित्रपटात सुधीर फडके यांनी लता मंगेशकरांकडून गाऊन घेतलेल्या 'ज्योति कलश छलके' या पहाटेच्या गीतात भूप अधिक की देसकार, याची चर्चा जाणकार अजून करतात. पाच स्वरांची ही खुबी समर्थांच्या परंपरेलाही अपरिचित नाही. पहाटे देव जागविण्यासाठी म्हणावयाच्या रचनांना आपल्याकडे भूपाळ्या म्हणतात आणि समर्थांच्या भूपाळ्या घराघरांतून म्हटल्या गेल्या आहेत. समर्थांचा जन्म १६०८ सालच्या रामनवमीचा. आणि १९५५ साली रामनवमीच्याच दिवशी पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले, तेव्हा ग. दि. माडगूळकरांच्या त्या पहिल्या गीताला फडक्यांनी चाल दिली तीही भूपातच.

म्हणून आम्ही म्हणतो की शिडी म्हणजे राग नव्हे. शिडी ही वस्तीची जागा. राग म्हणजे त्या जागेतली वहिवाट. शेत तेच असले तरी कोणत्या बांधावरून जावयाचे, कोठे टेकावयाचे, कोठे नुसते वळसा घालून निघावयाचे हे पिढ्यांच्या पावलांनी ठरलेले असते. तीच गोष्ट स्वरांची.

आता त्या फिरंगी लाकडाकडे वळू. गिटार फिरंगी आहे यात शंका नाही. तिला आजचा आकार आणि बांधणी दिली ती प्रामुख्याने स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेस (१८१७–१८९२) या कारागिराने. आपल्याकडे गोव्याच्या ख्रिस्ती घरांत व्हायोलिन, घुमट यांच्याबरोबर मांड्याच्या साथीला गिटार बसली. तेथील चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेले गोमंतकीय वादक पुढे मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. त्यांतले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी तर १९५८ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद उभारून रागांवर आधारलेल्या रचना पाश्चात्त्य वाद्यांवर वाजविल्या. राजस्थानचे ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन तिच्यावर रागदारी वाजविली आणि १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह काढलेली त्यांची ध्वनिमुद्रिका घरोघर गेली. म्हणजे गिटार आपल्या अंगणात केव्हाच येऊन बसली आहे.

आणि ज्या मायनर पेंटॅटॉनिकचे नाव त्या मुलाने घेतले, त्याचा गिटारवरचा जन्म ऐकला तर तो कोणा श्रीमंताच्या दिवाणखान्यातला नाही. अमेरिकेत गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या शेतमजुरांच्या वस्तीत ब्लूज नावाचे गाणे वाढले. त्याच्या गाभ्याशी हे पाच स्वर आहेत. डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतील टटविलर गावच्या रेल्वेस्थानकावर गाडीची वाट पाहत असताना एका फाटक्या कपड्यांतल्या माणसाला गिटारच्या तारांवर सुरी दाबून गाताना ऐकले, ही हकिगत त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. त्या गाण्यातला गांधार धड कोमलही नसे आणि धड शुद्धही नसे. तो दोहोंच्या मधे कोठेतरी कळवळे. पियानोच्या पट्टीवर तो सापडत नाही, म्हणून ब्लूज वाजविणारे तार आडवी खेचून त्याला गाठतात. आपला सितारिया पडद्यावर तार खेचून मींड घेतो, त्याच जातीची ही क्रिया.

येथे पडद्यांचा मुद्दा येतो. गिटारचे पडदे, म्हणजे मुले ज्यांना फ्रेट म्हणतात ते, सप्तकाचे बारा सारखे भाग करतात. प्रत्येक पडद्याला उरलेल्या तारेचा सुमारे अठरावा भाग सोडीत जावे, हा तोडगा १५८१ साली व्हिन्चेंझो गॅलिली याने, म्हणजे खगोलवेत्त्या गॅलिलिओच्या वडिलांनी, ल्यूट या वाद्यासाठी पुरस्कारला होता. ही सोय मोठी, पण तिची किंमतही आहे. षड्जाशी सहास पाच या प्रमाणात जुळणारा कोमल गांधार पडद्यावरच्या कोमल गांधाराहून किंचित चढा असतो. याच कारणावरून आपल्याकडे पेटीवर केवढा गहजब झाला! सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला आणि ई. क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाबरोबर श्रुतींची पेटी करवून घेण्याचा खटाटोप केला. पुढे १९४० साली आकाशवाणीने पेटीला मज्जावच केला. तो १९७१ मध्ये सैल होऊ लागला. परक्या देशातून आलेली, मींड न निघणारी, ठरावीक स्वरांची म्हणून जिच्यावर तीस वर्षे बहिष्कार होता, तीच पेटी आज शिवथरच्या बुवांच्या मांडीपाशी भजनाचे वाद्य म्हणून बसली आहे आणि तिला कोणी फिरंगी म्हणत नाही. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिच्यावर जी हुकमत दाखविली, तिनेच हे घडले. वाद्य देशी होते ते वाजविणाराच्या वहिवाटीने. आणि मींडेच्या बाबतीत गिटार पेटीपेक्षा सरसच ठरते. तिची तार खेचता येते.

मग त्या मुलाने करावे काय? आम्ही गिटारचे शिक्षक नाही. पण एवढ्या इतिहासातून निघणाऱ्या दोनचार गोष्टी सांगता येतात.

गिटारवर ही शिडी मुले पाचव्या पडद्यापाशी एका चौकटीत शिकतात. जाड तारेवर पाचवा व आठवा पडदा, पुढच्या तीन तारांवर पाचवा व सातवा, आणि शेवटच्या दोन बारीक तारांवर पुन्हा पाचवा व आठवा. बारा जागा, दोन सप्तकांहून थोडे अधिक. या स्वरांत एकमेकांना खेटून असलेला, कानाला खटकणारा अर्ध्या स्वराचा जोड कोठेच नाही. म्हणूनच नवशिक्याला ही चौकट आवडते. कोठेही बोट पडले तरी बरेच लागते. परंतु धोकाही तोच आहे. जेथे चूक कानाला टोचत नाही, तेथे कान जागा होत नाही, आणि मनुष्य वर्षभर चढ-उतार करूनही होता तेथेच राहतो.

यावर पहिला उपाय षड्जाचा. गिटारच्या मोकळ्या तारा हा तिचा फुकटचा तंबोरा आहे. पाचवी तार मोकळी छेडीत राहिले की षड्ज पांढरी सहाचा होतो आणि ती चौकट धानी होते. सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार मोकळी छेडली की षड्ज पांढरी तीनचा होतो आणि तीच चौकट, तीच बोटे, बुवांचा मालकंस होतात. चौथ्या तारेने मधमाद सारंग, तिसरीने दुर्गा. नुसता भूप तेवढा मोकळ्या तारेवाचून राहतो. त्याचा षड्ज कोणी पेटीवर धरावा लागेल. त्या दिवशी मुलाने जाड तार मोकळी सोडली असती, तर बुवा त्याच्या ओटीवर येऊन बसले असते अशी आमची खात्री आहे.

दुसरा उपाय क्रमांचा. एका बैठकीत तीनच स्वर घ्यावेत आणि त्यांचे सहाही क्रम सारख्या लयीत वाजवावेत. मग चारांचे २४. आधी ठायीत, मग दुगुणीत. वेग हा शेवटचा पाहुणा, त्याला पहिल्या पंगतीस बसवू नये. तिसरा उपाय थांबण्याचा. एकाच स्वरावर विसावून त्याभोवती लहान लहान वाक्ये रचावीत. आज मध्यमावर, उद्या गांधारावर. चौथा उपाय जिवंत माणसाचा. छापील चौकट आणि मोबाइलवरची चित्रफीत वस्तीचा नकाशा देतात. वहिवाट दाखवावयास मात्र ती वाट तुडविलेला कोणी लागतो. आणि असा मनुष्य कधी कधी शेजारच्याच ओटीवर पेटीला कागद चिकटवीत बसलेला असतो.

या सरावाला शिवथरचाच एक मोठा दाखला आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. वीस दशके आणि दोनशे समास अध्यात्म सांगणाऱ्या ग्रंथात समर्थांनी अक्षर कसे काढावे यासाठी एक संपूर्ण समास खर्चिला आहे. अक्षर वाटोळे आणि मोकळे असावे, दोन अक्षरांत व दोन ओळींत अंतर सारखे असावे, आणि पहिले अक्षर जसे निघाले तसेच ग्रंथाच्या अखेरचेही निघावे, इतके की सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे, असा त्याचा आशय. ज्या गुहेत थोर विचार उमटले, तेथेच हाताच्या वळणाचाही विचार झाला. मोठी गोष्ट सांगावयाची तर हात आधी सारखा व्हावा लागतो, आणि हात सारखा होतो तो त्याच त्या साध्या खुणा लक्ष देऊन काढल्याने. शिवथरच्या मुलाची शिडी या दृष्टीने पाहिली तर चाळा नव्हे. ती त्याची बाराखडी आहे. बाराखडी घोटणाऱ्या मुलाच्या हातून पाटी कोणी काढून घेत नाही.

आणि भजनाचे काय? ती तक्रार खोटी नाही. मुंबई-पुण्याकडे गेलेली घरे परत येत नाहीत, मंडळात तरुण बसत नाहीत, पेटी आणि पखवाज म्हाताऱ्या हातांत राहतात, हे महाड-पोलादपूरकडे अनेकांनी आम्हांस कळकळीने सांगितले. परंतु त्याचा दोष गिटारच्या माथी मारून तरुण परत येणार नाहीत. जो मुलगा सुटीच्या दिवशी ओटीवर बसून तासभर पाच स्वर घोटतो, तो गाण्यापासून दूर गेलेला नाही. तो दारापर्यंत आला आहे. त्याला आत घ्यावयाचे की नाही, हे ओटीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या हाती आहे. बुवांनी त्याला पहिला प्रश्न विचारला तो रागाने नव्हे, कानाने विचारला होता. तो प्रश्नच खरे आमंत्रण होते.

आम्ही निघालो तेव्हा संध्याकाळ झाली होती. बुवांची पेटी दुरुस्त झाली होती आणि ते पांढरी तीनवर षड्ज धरून नुसताच भाता हलवीत बसले होते. शेजारच्या घरातून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग एकदाच, हलकेच, जाड तारेचा एक मोकळा आघात आला आणि पेटीच्या षड्जात मिळून गेला.